रिंगतोय ना घराट?

घराट चालवणाऱ्या मंगसीरूची धाकटी बहीण झूमा लग्न होऊन नदीपलीकडे सासरी गेली, त्या वर्षी मी डोंगरावरून खाली आलो. मी एक जुना दगड आहे. कंडोली गावच्या घराटाचा, म्हणजे पाणचक्कीचा, वरचा दगड. मला दोरांनी बांधून बारा माणसं उतरवत होती आणि समोरून झूमाची वरात चढत होती. वाट अरुंद. कोणी मागे सरायचं, यावर वाद सुरू झाला. तेव्हा डोक्यावरचा पदर सावरत झूमाच म्हणाली, "अरे, त्याला जाऊ द्या. मला मागे फिरता येतं, त्याला येतं का?" सगळे हसले आणि वरात बाजूला झाली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो पहिला मान.

मग मंगसीरूने मला घडवलं. महिनाभर तो छिन्नी घेऊन माझ्यापुढे बसला होता. मधोमध भोक पाडलं, पोटावर चरे पाडले आणि मला खालच्या दगडावर बसवलं. खाली लाकडी पात्यांचं चाक होतं. पाटाचं पाणी त्यावर पडलं की चाक फिरे, आणि चाकाबरोबर मी. माझ्या पाठीवर एक काठी सारखी टकटकत असे. त्या टकटकीने वरची धान्याची टोपली हले आणि दाणे थोडे थोडे माझ्या पोटात पडत.

आमच्या गावात अशा फिरण्याला 'रिंगणं' म्हणतात. हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर येतो. अंगणात हात पसरून गरगर फिरणारी पोर रिंगते. वावटळीत पानं रिंगतात. उन्हात गवत कापून आलेली बाई डोकं धरून खाली बसते आणि म्हणते, "थांब गं, डोकं रिंगतंय." दोन माणसं वाटेत भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रिंगतोय ना घराट?" याचा अर्थ घरी सगळं बरं आहे ना. ज्याच्या घरी घराट नाही, त्यालाही हेच विचारतात. गावाच्या सुखाची चौकशी माझ्या नावाने होते, हे ऐकून मला फार बरं वाटायचं.

मंगसीरू पाण्याची फळी बोटभर वर करायचा, बोटभर खाली करायचा आणि डोळे मिटून काठीची टकटक ऐकायचा. टकटक बरोबर लागली की म्हणायचा, "हां, आता रिंगला." असं दळलेलं पीठ हाताला गार लागे. मंडुव्याची, म्हणजे नाचणीची, भाकरी त्या पिठाने कधी फाटली नाही. तीस वर्षं असंच चाललं.

मग एका वसंतात बायका कुरकुरू लागल्या. "पीठ कढत येतंय. करपल्याचा वास येतो." मंगसीरूला वाटलं, दगड झिजला. त्याने मला उलटवून पुन्हा चरे पाडले. महिन्याने परत पाडले. मी पातळ होत गेलो, पण पीठ कढतच येत राहिलं. शेवटी गावाची बैठक बसली. गावचा प्रधान गुमानसिंह म्हणाला, "घराट नुसता सरसर पळतो आणि पीठ जाळतो. पाटाचं पाणी शेतांना द्यावं. दळण सडकेवरच्या इंजिनाच्या चक्कीवर न्यावं." सडक म्हणजे दोन तासांची चढण, आणि पाठीवर पोतं बायकांच्याच. तरी त्या गप्प राहिल्या. पुढच्या संक्रांतीला पाणी वळवायचं ठरलं.

मंगसीरूची सून सौणी नवीनच घरात आली होती. ती सासऱ्याची भाकरी घेऊन घराटावर यायची. एक दिवस ती आली तेव्हा माझ्या पाठीवरची काठी निसटून पडली होती. टकटक बंद होती, दाणे पडत नव्हते आणि मी दगडावर दगड घासत रिकामाच फिरत होतो. जळका वास सुटला होता. मंगसीरू माझ्याकडे पाठ करून दारात शांतपणे तंबाखू ओढत होता.

"मामंजी, काठी पडली!" सौणी ओरडली. तो वळला नाही. ती धावत गेली आणि फळी पाडून पाणी तोडलं. मी थांबलो. जमिनीची थरथर थांबली, तेव्हा कुठे त्याने दचकून मागे पाहिलं.

सौणीला सगळं कळलं. त्याला ऐकू येत नव्हतं. टकटक कळेना म्हणून तो पायाला थरथर जाणवेपर्यंत पाणी वाढवत होता. दगड चांगला होता, वेग चुकत होता.

ती त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या गुडघ्यावर बोटांनी ताल धरला. टक, टक, टक. तोच जुना, बरोबर ताल. माहेरच्या घराटावर तिने तो लहानपणापासून ऐकला असणार. मंगसीरूने चिलीम खाली ठेवली. मग म्हणाला, "गावाला सांगितलंस?" तिने मान हलवली, नाही. "मग फळी तू सरकव. मी इथे बसतो."

दुसऱ्या दिवशी बचुली काकी मंडुव्याचं पोतं घेऊन आली. ती गावातली सगळ्यात तिखट जिभेची. फळीपाशी सौणीला बघून ती दारातच थबकली. "अगं ए, बाईने घराटाच्या पाण्याला हात लावला तर नदी रुसते!"

"काकी, नदी बाईच आहे. रुसली तर बसेन तिच्याशी दोन गोष्टी बोलत."

"जीभ बघा हिची!" काकी म्हणाली, पण बसली. सौणीने फळी बोटभर खाली केली, कान दिला, अजून अर्धं बोट केली. मी हळू झालो. किती दिवसांनी मी तसा रिंगलो! काकीने पिठाखाली हात धरला आणि तसाच धरून ठेवला. मग तिने मंगसीरूकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

संक्रांतीच्या बैठकीत काकी पदरात भाकरी बांधून आली. ती तिने गुमानसिंहाच्या हातात ठेवली. "खा. घराट बरोबर रिंगतोय. पाणी राहू दे."

"पण मंगसीरूने केलं तरी काय?"

"तुला भाकरी हवी की त्याची कुंडली?"

बैठक हसली. मग मागून एक बाई म्हणाली, पाणी राहू दे. दुसरी म्हणाली. तिसरी उभीच राहिली. पाणी राहिलं.

मंगसीरू त्यानंतर अकरा वर्षं दारात बसला आणि सौणी फळीपाशी. गावात बहुतेकांना ते ठाऊक झालं होतं, पण त्याच्या तोंडावर कोणी कधी बोललं नाही. मी पुष्कळ हात पाहिले, मित्रांनो, पण सौणीसारखे नाही. ती बोलताबोलता मध्येच थांबून फळी केसभर सरकवायची. माझे चरे ती स्वतः पाडायची, आणि गरजेपेक्षा एकही जास्त नाही.

आता सडक गावापर्यंत आली आहे. माझ्या चाकात पालापाचोळा अडकला आहे आणि पाट दोन ठिकाणी फुटला आहे. माझी तक्रार नाही. एवढंच सांगतो. तुमच्या घरात जे काही फिरतं, ते बिघडलं असं वाटलं तर लगेच छिन्नी उचलू नका. आधी जवळ बसून ऐका. आणि ते चालवणाऱ्या माणसाकडेही नीट बघा.

मंगसीरू माघातल्या एका सकाळी गेला, त्याच वर्षी सौणीची थोरली मुलगी शाळेत जाऊ लागली. सौणी गेल्या फाल्गुनात, होळीनंतर चौथ्या दिवशी वारली. ती एकोणऐंशी वर्षांची होती.