सगळ्याला "हो" म्हणायचं

माणूस मनानं बरा होतोय की नाही, हे मोजणार कशानं हो? ताप असता तर थर्मामीटर लावला असता. पण आमच्या केंद्राच्या ताईंनी घरच्या लोकांना बोलावून सांगितलं, की सोमवारी एक तपासनीस बाई येणार. इथं उपचारासाठी येणाऱ्या प्रत्येकाला एकेकटं बसवून प्रश्न विचारणार, आणि हे केंद्र माणसाला पुन्हा उभं राहायला कितपत मदत करतं, ते आकड्यात मांडणार. आकडा चांगला आला तर केंद्र चालू. नाही तर कुलूप, आणि सगळ्यांची रवानगी परत मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात.

तो वॉर्ड मी पाहिलाय. माझा मुलगा तिथं होता तेव्हा भेटीच्या वेळी माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत बसायचा. चांगला बत्तीस वर्षांचा बाप्या आहे, पण घरात आम्ही त्याला अजून पिल्लूच म्हणतो. या केंद्रात येऊन तो पंखे साफ करायला शिकला. जाम झालेला पंखा उघडतो, पुसतो, तेल घालतो, आणि फिरायला लागला की खुदकन हसतो. ते हसू बघायला मी किती वर्षं तरसले होते! आणि ही कोण कुठली बाई येऊन ते हिरावून नेणार? माझं डोकंच फिरलं.

"हे बघ पिल्लू," रात्री जेवताना मी सांगितलं, "बाई काहीही विचारू दे, तू आपलं हो म्हणायचं."

"काहीही विचारलं तरी?"

"काहीही. डोकं चालवायचं नाही. गोड हसायचं आणि हो म्हणायचं."

"आणि मला पटलं नाही तर?"

"न पटायला झालंय काय तुला? परत वॉर्डात जायचंय?"

तो ताटातलं चिवडत बसला आणि अर्धं तसंच टाकून उठला.

सोमवारी मी रोजच्यासारखी त्याला सोडायला गेले. बाहेरच्या बाकावर सगळे ओळीनं बसलेले, चेहरे असे की जणू दात काढून घ्यायला आलेत. पूर्वी शाळेत शिकवणारे मास्तर बोटं मोडत होते. दिवसभर गुणगुणणाऱ्या मावशींच्या तोंडून आज सूर फुटत नव्हता. मला राहवेना. ताई आत खुर्च्या लावण्याच्या गडबडीत होत्या, तेवढ्यात मी तिथंच सगळ्यांची शिकवणी घेतली. काहीही विचारलं तरी हो. मास्तरांनी दोनदा घोकून दाखवलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि मला वाटलं, चला, जिंकलो.

एकेक जण आत जाऊन हसत बाहेर येत होता. पिल्लूही आला. मग तपासनीस बाई बाहेर आल्या. चष्मा डोक्यावर चढवलेला, चेहरा उतरलेला.

"ताई, इथं चाललंय तरी काय?" त्या म्हणाल्या. "मी विचारलं, इथं तुमचं ऐकून घेतात का? म्हणाले, हो. मग विचारलं, इथं तुम्हाला गप्प बसवतात का? तेही हो! इथं आल्यापासून आशा वाढली का? हो. आशा संपली का? हो, आणि वर गोड हसू. एकानं नाही, सगळ्यांनी!"

ताई बाकावरच्या एकेकाच्या तोंडाकडे बघू लागल्या.

"उलटसुलट प्रश्न आम्ही मुद्दाम ठेवतो," बाई म्हणाल्या. "माणूस विचार करून बोलतोय की घाबरून, ते कळावं म्हणून. इथले सगळे घाबरलेत. कुणीतरी पढवलंय यांना. आणि माणसांना पढवणाऱ्या केंद्राला मी चांगलं कसं म्हणू?"

मेले! ज्याला वाचवायला निघाले, त्याच्याच मुळावर उठले की मी!

"ताईंना बोलू नका," मी पुढे झाले. "मी पढवलं. त्या पंखेवाल्या मुलाची आई मी."

"का पण?"

"का म्हणजे? तुमच्या एका आकड्यावर माझ्या लेकराचं आयुष्य टांगलंय, आणि मलाच विचारता का?" आवाज चढवला खरा, पण रडूच फुटलं.

बाईंनी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "मी पुन्हा पहिल्यापासून विचारते. पण आधी तुम्ही त्यांना सांगा, मनात असेल ते बोला म्हणून. आणि नंतर फाटकाबाहेर थांबा."

मी सांगितलं. पिल्लूनं माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं, आणि आत गेला.

फाटकाबाहेर माझा जीव नुसता टांगणीला लागलेला. काय बोलत असेल? त्याला एक गोष्ट धड लपवता येत नाही. तोंड उघडून बसला तर सगळ्यांचं वाटोळं करील. मी पदराचं टोक पिळून पिळून चोळामोळा केलं. कपडे कुठल्या पिशवीत भरायचे, वॉर्डात स्वेटर ठेवू देतात का, इथपर्यंत माझं मन जाऊन पोचलं होतं.

शेवटी ताई बाहेर आल्या. डोळ्यांत पाणी, आणि हसताहेत!

"तुमच्या मुलानं आमची पार सालटी काढली," त्या म्हणाल्या. "नुसते पंखे पुसायला लावता, मोटारीचं वाइंडिंग कधी शिकवणार, म्हणाला. गोळीनं दिवसभर झापड येते हे सांगून थकलो, म्हणाला."

"म्हणजे संपलं का हो सगळं?"

"उलट," मागून बाई म्हणाल्या. "मघाशी तो माझ्याशी बोलताना सारखा दाराकडे बघत होता. आता एकदाही बघितलं नाही. इतरांचंही तेच. इथं माणसं न घाबरता तक्रार करतात, म्हणजे काहीतरी बरं चाललंय. मी तसंच लिहिणार आहे. केंद्र बंद करा असं मी तरी म्हणणार नाही."

मी त्यांचे हातच धरले. काय बोलले, मला आठवत नाही.

परतताना मी पिल्लूला विचारलं, "आणखी काय काय सांगितलंस रे?"

"त्यांनी विचारलं, तुमचे निर्णय दुसरेच घेतात का? मी म्हटलं, हो. पण इथं नाही. घरी."

काळजात कळ आली. त्याहून राग आला. "परक्या बाईला सांगतोस हे?"

"तूच म्हणालीस ना, मनात असेल ते बोल."

मोठ्या रस्त्याशी आलो. मी सवयीनं त्याचं मनगट धरलं. त्यानं हळूच, मला लागू न देता, ते सोडवून घेतलं.

"उद्यापासून मी एकटा येईन-जाईन, आई."

"आणि वाट चुकलास तर?"

"विचारीन कुणालातरी."

त्यानं दोन्हीकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडला. समोरून एक ट्रक आला आणि त्याच्याआड पिल्लू दिसेनासा झाला. हाक अगदी ओठावर आली होती. मी तोंडावर हात दाबून धरला आणि ट्रक जाईपर्यंत रस्त्याच्या अलीकडेच उभी राहिले.