हरले म्हणू दे

जागृतीनं गीतांजलीच्या हातावर तीनदा थोपटलं आणि पंचांनी लढत थांबवली. दुसऱ्या राऊंडला गीतांजली तिच्या पाठीवर चढली होती, हात गळ्याखाली गेला होता, आणि तिथून सुटका नव्हती. थोपटलं म्हणजे हार मानली. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये याहून स्पष्ट काही नसतं. श्वास परत आल्यावर जागृतीनं गीतांजलीला मिठी मारली आणि आपल्या कोचला, इसाक सरांना म्हणाली, "हनुवटी वर राहिली माझी. तिथूनच हात आत गेला."

"राहिली," सर म्हणाले. "जरा आराम कर. मग त्याच्यावरच काम करू."

विषय तिथंच संपला असता. पण लढत बघून तिचे वडील, गोटीराम, वाशीच्या त्या हॉलबाहेर गाडी घेऊन उभे होते.

गोटीराम मूळचे बोनकोडे गावातले. शेती केव्हाच गेली होती, आता त्यांची इमारत होती, भाडेकरू होते, आणि गावात शब्दाला वजन होतं.

"तू हरली नाय," गाडी चालू करताना ते म्हणाले. "तुला हरवली."

"आबा, मी टॅप केलं."

"तू हात हालवत व्हतीस. त्या पंचाला वाटलं थोपटतेस."

"मी थोपटतच होते."

"त्याला घाई झाली व्हती. मी बगितलं ना."

घर येईपर्यंत पंचांच्या जोडीला डोळ्यावर येणारी लाईट आली, सकाळची इडली आली, आणि वजन कमी करायला तीन दिवस उपाशी ठेवणारे इसाक सरही आले. दारात आई, शेवंताबाई, मीठमिरच्या घेऊन तयार होती. परवा शेजारची विमलबाई 'किती बारीक झाली गं' म्हणाली, तेव्हाच नजर लागली असं तिचं ठाम मत होतं. जागृती दृष्ट काढून घेत उभी राहिली. मान दुखत होती, आणि डोक्याभोवती मिरच्या फिरत असताना माणसाला वाद घालता येत नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. गोटीरामांनी सोफ्यावर बसून मोबाईलसमोर सांगितलं होतं की करंजाड्याच्या त्या गीतांजलीनं अंगाला तेल लावलं होतं, म्हणून आमच्या पोरीची पकड सुटत होती. त्यांनी तो गावच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो कुठून कुठे गेला, आणि कोण कुठली माणसं गीतांजलीला शिव्या द्यायला लागली.

इसाक सरांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, त्यामुळे जागृतीला जास्त लाज वाटली. "गोटीरामशेठना सांग, आयोजक मला विचारतायत. मी काय उत्तर देऊ?"

मग गीतांजलीचा मेसेज आला. एकच ओळ होती. 'तुझं पण हेच म्हणणं आहे का?'

जागृती तडक खालच्या मजल्यावरच्या ऑफिसात गेली. गोटीराम एका भाडेकरूशी बोलत होते. तो जाईपर्यंत ती थांबली.

"तेल कुठं दिसलं तुला?"

"चमकत व्हती ती."

"घाम होता, आबा. मी पण चमकत होते. मी हरले. मला नीट हरू पण देणार नाही का तुम्ही लोक?"

गोटीरामांनी टेबलावरच्या किल्ल्या बाजूला सरकवल्या. "तुजा मोठा काका काय म्हनतो, म्हाइत हाय? पोरगी हरली, हौस फिटली, आता लगीन लाव. तेल लावलं म्हटलं की गप बसतो."

हे तिला माहीत नव्हतं. राग जायला हवा होता, तो गेला नाही, उलट वाढला, कारण आता तो नुसता वडिलांवर राहिला नाही.

"म्हणजे मी दर वेळी जिंकायचं? तरच खेळायचं?"

"मी कुटं म्हनतो? ते म्हनतात."

"मग त्यांना सांग, हरली तरी खेळेल म्हणून."

"असं कुनी सांगतं का?" गोटीराम खरंच विचारत होते.

जागृतीच्या हट्टापायी रविवारी दोघं करंजाड्याला, गीतांजलीच्या घरी गेली. गोटीरामांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. दार गीतांजलीच्या आईनं, राहीबाईंनी उघडलं आणि त्या बॉक्सकडे न बघता 'बसा' म्हणाल्या. गीतांजली समोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्याखाली जागृतीच्या ठोशाची निळी खूण अजून होती.

"पोरी, तेल नसंल. घाम असंल," गोटीराम म्हणाले. "पन लाईट अशी व्हती की..."

"आबा."

"तेल नव्हतं."

"हे व्हिडिओत बोलाल?" गीतांजलीनं विचारलं.

जागृतीनं मोबाईल धरला. पहिल्यांदा ते 'तेल नव्हतं, पण' म्हणाले. दुसऱ्यांदा 'पण' गेला आणि पंच आले. तिसऱ्यांदा इडली आली. जागृतीनं मोबाईल खाली घेतला आणि वडिलांकडे बघितलं. चौथ्यांदा गोटीराम म्हणाले, "त्या पोरीनं तेल लावलं नव्हतं. मी चुकीचं बोललो. माजी जागृती हरली." एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं.

राहीबाईंनी तांब्या पुढे केला. "ही मागच्या वर्षी हरली, तेव्हा हिच्या बाबांनी पंचांच्या गाडीसमोर बसकण मारली होती," त्या म्हणाल्या. गीतांजलीनं कपाळावर हात मारला. जागृतीला हसू आलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा दोघींनी एकमेकींकडे सरळ बघितलं. निघताना गीतांजली म्हणाली, "तुझी हनुवटी वर राहते."

"माहितीये," जागृती म्हणाली.

व्हिडिओ बघून मोठे काका त्याच संध्याकाळी घरी आले. जागृती आत जेवत होती.

"मग? हरली ना?" काकांचा आवाज आला.

"हरली," गोटीराम म्हणाले.

"मग आता?"

"आता काय. सोमवारी जाईल जिमला."

"अजून किती हरायची हाय?"

"तू चवथीत दोनदा नापास झालास. आईनं शालंतून काढला का तुला?"

बाहेर खुर्ची सरकली. मग काकांच्या चपला वाजल्या. ते चहा न घेता गेले. हे वाक्य आबांना आठ दिवस आधी सुचलं असतं तर एका पोरीला शिव्या खाव्या लागल्या नसत्या, असं जागृतीच्या मनात आलं, आणि त्याचा तिला पुन्हा वैताग आला. शेवंताबाईंनी न विचारता तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तिनं ती खाल्ली.