दुधीच्या पोटातलं विष

भरे गावच्या चौकात मांडव, मांडवात टब, टबात पाय! गुणगुणत्या पेटीचं बटण दाबलं की पाणी आधी तांबूस होई, मग चहासारखं, मग थेट गटारासारखं.

"गोळी खाई, विष साठवी! पाय बुडवी, विष पळवी!" विषहारी महाराज गर्जले. तळपायाला नळ बसवून मिळाल्यासारखे लोक खूश होते.

मी इथल्या दवाखान्यातली डॉक्टर. मांडवात शिरले ती बाबालालचाचांसाठी. चाचांना टीबी होता. गोळ्यांनी लघवी केशरी झाली, चाचांना वाटलं रक्तच. महाराजांनी ते गोळीचं विष ठरवलं आणि निम्म्यावर उपचार बंद करवले. आता चाचा पुन्हा खोकत होते. अशानं जंतू औषधाला जुमानेनासे होतात. मला संताप आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

"चाचा, गोळ्या सोडू नका."

"न्हाई, डाक्टरीणबाई. त्ये पानी बगा की!"

मी त्यांच्या बायकोला, जोहराबींना विचारलं, "चाची, पिशवीत काय आहे?"

"दुधी हाय."

"बुडवा."

चाचींनी ताज्या मीठपाण्याच्या टबात दुधी सोडला. "म्हाराज, आमच्या दुधीचं बी इख काडा!"

"भाजीला आत्मा नसतो!" महाराज किंचाळले.

"नसू द्या. पाय बी न्हाईत त्याला!"

मी बटण दाबलं. पाणी तांबूस, चहा, गटार!

"आगं बया, दुधीला टीबी झाला का काय!" गर्दीतल्या रत्नाबाई ओरडल्या. मग काय, कुणी वांगं आणलं, कुणी चप्पल, कुणी नारळ. सगळ्यांचं 'विष' निघालं. महाराज पेटी टाकून गाडीकडे पळाले.

मी टबातल्या लोखंडी पट्ट्या वर काढल्या. "मिठाचं पाणी, लोखंड आणि वीज. हा निव्वळ गंज आहे. याला पाय लागतच नाहीत."

"मंग माजी लघवी?" चाचांनी हळूच विचारलं.

"तो रंग त्या गोळीचाच. औषधाचं काम झालं की यकृत ते मोडतं, उरलेलं लघवी-शौचावाटे जातं. तुमचं शरीर रोज साफसफाई करतंय, चाचा. तेही फुकट!"

चाचा खदाखदा हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, थांबेना. चाचींनी त्यांची पाठ धरली.

"थुंकी तपासायची ना?" धाप लागलेल्या चाचांनी विचारलं. "चला. आत्ताच चला."

मंडळी, रंग दिसला की हात जोडू नका. हा आला कुठून, ते आधी विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. दुधी पुन्हा पिकवता येतो, माणूस नाही.