पेन्रिन ते रारोटोंगा

आमच्या पेन्रिन बेटाहून रारोटोंगाच्या मोठ्या बेटाला विमानाने चार तास लागतात. मध्ये साडेतेराशे किलोमीटर नुसतं पाणी. अकाइतीला सैतू हवा होता तो याच पाण्यावर.

बेटावर तिने नवऱ्याच्या मरणाचा विषय काढला की तो उठून जाई. तो चर्चमधला मोठा माणूस, त्यामुळे लोक तिलाच गप्प करत. मग रारोटोंगाच्या चर्चने त्याचा सत्कार ठरवला, तेव्हा तिने त्याच विमानात त्याच्या शेजारची जागा घेतली. पुढे त्याची बायको तेउपोको बसली होती. मी बेटावरची नर्स, त्यांच्या मागे.

विमान वर जाऊन स्थिरावलं तशी ती बोलायला लागली. आवाज खणखणीत, इंजिनाला पुरून उरणारा.

"सैतूभाऊ, माझा तौरा दवाखान्यात पडला होता तेव्हा रेडिओवर तू होतास."

"वहिनी, ते इथं कशाला?"

"इथंच. इथून उठून जाशील कुठं?"

सात वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचं अपेंडिक्स फुटलं. विमान बोलवायचं तर परतीचं इंधन आमच्या धावपट्टीवर असावं लागतं, आणि इंधनाच्या पिंपांची किल्ली व बेटाचा रेडिओ, दोन्ही सैतूकडे. त्याने सांगितलं, रारोटोंगाला हवा खराब आहे, विमान येत नाही. तौरा माझ्यासमोर तडफडून गेला. गेल्या वर्षी वैमानिक ग्रँट बोलता बोलता आम्हाला म्हणाला, त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. तुमच्या माणसाने कळवलं होतं, पिंपं रिकामी आहेत म्हणून.

"पिंपांतलं इंधन कुठं गेलं, भाऊ?"

"गळून गेलं असेल."

"सगळं? आणि त्याच महिन्यात मासेमारीची परदेशी बोट इंधन भरून गेली, तुझ्या होडीला नवं इंजिन लागलं. देव फार दयाळू."

मग तिने तौराचं मरण पहिल्यापासून सांगितलं. तो चटई कशी चावत होता, विमानाचा आवाज आला का असं किती वेळा विचारत होता, शेवटी लेकीलासुद्धा कसा ओळखेना. सैतूने कानांवर हात ठेवले. तिने ते ओढून खाली घेतले.

"ऐक. मी ऐकलंय."

"ग्रँट, विमान परत फिरव," सैतू ओरडला.

"अर्ध्याच्या पुढे आलोय," ग्रँट मागे न बघता म्हणाला. "आता रारोटोंगाच जवळ."

तेउपोको वळली. तिने नवऱ्याला नाही, मला विचारलं, "नर्सबाई, हवा खराब आहे असं यानेच सांगितलं होतं?"

"हो. दवाखान्याच्या दारात उभं राहून."

ती पुन्हा पुढे बघत बसली. चाकं जमिनीला टेकेपर्यंत अकाइती थांबली नाही.

खाली चर्चची माणसं फुलांचे हार घेऊन गात उभी होती. तेउपोको आधी उतरली, पाळकांच्या कानाशी काहीतरी बोलली, आणि गाणं मध्येच तुटलं. सैतू उतरला तेव्हा त्याच्या गळ्यात हार घालायला कुणी पुढे आलं नाही. सत्कार झालाच नाही. पुढच्या विमानाने तेउपोको एकटी बेटावर परतली. तो अजून तिकडेच आहे, चुलतभावाच्या घरी. बेटावर तोंड दाखवायला त्याला जागा उरली नाही.

त्या संध्याकाळी मी अकाइतीला विचारलं, "मन शांत झालं?"

"नाही. पण भूक लागलीय," ती म्हणाली, आणि अख्खा मासा एकटीने संपवून तिने दुसरा मागवला.