माझे मागचे दोन बाक

मित्रांनो, मी एक जीप आहे, आणि जुनी आहे हे सांगायची गरजच नाही. मी दोन वळणं अलीकडे असतानाच माझा खडखडाट तुमच्या कानावर येतो. जव्हार ते मोखाडा हा माझा रोजचा रस्ता. माझा मालक पंढरी मला स्वतःच चालवतो. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा काळा-पिवळा रंग नुसता चकाकत होता. आता काळा कुठला आणि गंज कुठला, हे पंढरीलाही सांगता येत नाही. माझ्या मागच्या भागात दोन लांब बाक आहेत, समोरासमोर. बसणाऱ्यांचे गुडघे गुडघ्यांना लागतात. लोक त्या बाकांना नावं ठेवतात, पण मला त्यांचाच अभिमान आहे. का, ते सांगते.

मी काय काय वाहिलं नाही! नाचणीची पोती, कोंबड्या, तापाने फणफणलेली पोरं, हळद लागलेल्या नवऱ्या. रविवारी शहरातल्या पाहुण्यांना शिरपामाळ बघायला नेलं, तर ते माझ्याच टपावर चढून फोटो काढत बसले. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेली जोडपी बोचकी घेऊन माझ्यातूनच जायची. वांगणी गावचा जगन आणि त्याची बायको सरू ही त्यांतलीच एक जोडी. चढावर मी धापा टाकू लागले की जगन म्हणायचा, "म्हातारी दमली," आणि सरू खिदळायची. मला राग यायचा. पण खोटं कशाला बोलू, ती दोघं चढली की मला बरंही वाटायचं.

मग जगनला ठाण्याला वॉचमनची नोकरी लागली. तिथे दोघांना राहायला जागा नव्हती, म्हणून सरू वांगणीला सासू-सासऱ्यांजवळ राहिली. जगन होळीला यायचा, भातलावणीला यायचा, पण माझ्यात बसला की बाहेर बघत राहायचा. घरीही तो असाच गप्प असतो, हे मला बायकांच्या बोलण्यातून कळायचं. एक दिवस सरू एकटीच बोचकं घेऊन चढली आणि साखरशेतला, माहेरी उतरली. ती सासरी परतलीच नाही.

आमच्याकडे नवरा-बायकोचं बिनसलं की दोन्हीकडची माणसं बैठक बसवतात. या दोघांसाठीही बैठक बसली. माणसांची ने-आण मीच केली, म्हणून मला सगळं ठाऊक. जगनचा बाप भिका बोलला, सरूचा बाप लाडक्या बोलला, मामा बोलले, पंच बोलले. ज्यांचा संसार होता ती दोघं मात्र कोपऱ्यात माना खाली घालून बसली. दुसरी बैठकही तशीच गेली. शेवटी ठरलं, पुढच्या बैठकीत काडीमोड करून टाकायचा. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात गावच्या आशा सेविका रंजनाताई मध्ये पडल्या. त्या भिकाला म्हणाल्या, "काका, जव्हारला हर्षालीताई म्हणून एक बाई बसतात. नवरा-बायकोचं ऐकून घेतात, समजावून सांगतात. मोडायच्या आधी एकदा जाऊन तर या."

"आमचे पंच काय कमी हायत?" भिका गुरकावला.

पण रंजनाताईंनी त्याचा पिच्छा सोडला नाही, आणि भिका कसाबसा तयार झाला. फक्त त्याला वाटलं, हीसुद्धा एक बैठकच. त्यामुळे ठरल्या दिवशी माझ्यात कोण नव्हतं ते विचारा! बाप, मामा, आत्या, पंच, सगळे. सरू दोन आत्यांच्या मध्ये चेपून गेली आणि जगन मागच्या पायरीवर लोंबकळत आला. वाटभर मोठ्यांची अशी जुंपली की माझा खडखडाटही कोणाला ऐकू आला नाही.

हर्षालीताईंची खोली लहानशी होती. मी दारासमोरच जांभळीखाली उभी होते. वडीलधारे आत घुसले आणि मिळेल तिथे बसले, काही जण तर खिडकीतही.

"भांडण कोणाचं आहे?" ताईंनी विचारलं, तर सगळे एकदमच बोलायला लागले.

"आणि नवरा-बायको कुठे आहेत?"

तेव्हा कुठे लोकांनी मागे वळून पाहिलं. दोघं दाराबाहेर उभी होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

ताईंनी पंखा मोठा केला, सगळ्यांना चहा सांगितला, "आरामात बसा," म्हणाल्या आणि बाहेर आल्या. "भाऊ, तुमची जीप जरा वेळ देता?" त्यांनी पंढरीला विचारलं. पंढरी उतरून लांब जाऊन बसला. माझ्या एका बाकावर जगन बसला, समोरच्या बाकावर सरू, आणि ताई दाराशी. माझं इंजिन बंद होतं, तरी आत धडधडत होतं.

जगन माझ्या फाटक्या सीटमधला स्पंज उपटत राहिला, तेही मी सोसलं. चूक कोणाची, हे ताईंनी विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "भट्टीवर दिवस कसा जायचा तुमचा?"

"हा चिखल तुडवायचा, मी विटा थापायची," सरू हळूच म्हणाली. "दिवसभर आमी बोलत ऱ्हायचो." मग तिचा आवाज चढला. "आता फोन करतो नि इचारतो, जेवलीस का. जेवले सांगला का फोन बंद. मना वाटला, याचा मन दुसरीकडं लागला."

"नाय गो," जगन म्हणाला. "तुला सांगायसारखा तिथं काय घडतच नाय. गेट उघडायचा, गेट लावायचा. नावानं कोण हाक मारीत नाय. दिवसभर नुसता, ए वॉचमन, ए वॉचमन." आणि एवढा बाप्या माणूस रडायला लागला.

"मग मना तेच सांगायचा ना," सरू म्हणाली. "गेट उघडला, गेट लावला. मी आयकला असता. नि नावानं मी हाक मारीन."

मित्रांनो, आमच्या भागात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. जगनने मान वर केली आणि डोळे पुसले.

चहा संपवून वडीलधारे बाहेर आले. "काय निकाल झाला?" भिकाने विचारलं.

"निकाल नाही," ताई म्हणाल्या. "दोघांना अजून काही वेळा यावं लागेल. आणि काका, येताना दोघांनाच येऊ द्या."

भिकाचं तोंड उतरलं. पण परतीच्या वाटेवर तो पंढरीच्या शेजारी बसून हळूच म्हणाला, "ती बाई म्हाताऱ्यांचा पण आयकते काय रं?"

मग दोघं येत राहिली. एकदा बोलता बोलता सरू इतकी चिडली की माझ्याकडे न बघता एसटीने निघून गेली. तरी पुढच्या वेळी पुन्हा दोघं माझ्याच बाकांवर. काडीमोडाची बैठक काही बसली नाही. सरू वांगणीला परतली. जगन ठाण्याला गेला आहे, खोली शोधतो आहे, मिळाली की तिला नेणार आहे.

मित्रांनो, माझे दिवस आता थोडेच उरलेत. माझा जरा वेगळा आवाज आला की पंढरी मला लगेच गॅरेजला नेतो, म्हणून मी इतकी वर्षं टिकले. माझी एवढीच विनंती आहे, घरातलं माणूस गप्प झालं तर तेवढीच घाई करा. ऐकून घेणारं कोणी शोधा, त्यात कमीपणा मुळीच नाही. आणि मोठे झालात की बोलणाऱ्या दोघांसाठी बाक मोकळे करून द्या.

परवाचीच गोष्ट. भिका आणि सरू बाजाराला निघाले होते आणि मी खच्चून भरले होते. घाटात सरूचा फोन वाजला. जगन सांगत होता, आज गेटमधून बँडबाजा आला, वरच्या मजल्यावर लग्न आहे.

"मग पुढं काय झाला, जगन?" सरू म्हणाली.

सासरा समोर बसलेला, आणि सुनेने नवऱ्याचं नाव घेतलेलं! सगळ्यांच्या नजरा भिकाकडे वळल्या. भिकाने बाहेर पुढचं वळण पाहिलं. मग खाकरला आणि पंढरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "थांबव रं जरा. पुढच्या वळणावर रेंज जाते."

पंढरीने मला कडेला उभी केली आणि इंजिन बंद केलं.