फळीची खालची बाजू

मी एक जुनी फळी आहे. मित्रांनो, हसू नका. फळीला कसलं आलंय आयुष्य, असं तुमच्या मनात आलंच असेल. पण लहानपणी केस कापायला गेला असाल, तर माझ्याच एखाद्या बहिणीवर बसला असाल. दुकानातली खुर्ची मोठ्यांच्या मापाची, लहान मूल तिच्यात बुडून जातं. म्हणून खुर्चीच्या दोन्ही हातांवर मला आडवी टाकायची आणि वर मुलाला बसवायचं.

कपाट करून उरलेल्या हलक्या लाकडातून सुताराने मला कापलं. वरची बाजू तासून गुळगुळीत केली, खालची तशीच खडबडीत ठेवली. "खाली कोण बघतंय?" तो म्हणाला. माझ्या मालकांनाही ते पटलं.

मालकांचा हात फार हलका होता. माझ्यावर बसलेलं मूल रडत नाही, असा आमचा लौकिक होता आणि मीही त्या कौतुकाने फुगले होते. मालकांची एक खास कात्री होती. केसांखेरीज तिने काहीही कापायचं नाही, असा घरात दंडक होता. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने एकदा ती गुपचूप शाळेत नेली आणि पुठ्ठ्याचं घर केलं. कात्रीची धार गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी दुकान भरलेलं असताना मालकांनी त्याला माझ्यावर बसवलं. मशीन लावून बरोबर अर्धं डोकं साफ केलं आणि मशीन बंद केलं.

"बाबा, उरलेलं पण काढा ना," मुलगा म्हणाला.

"तीन दिवस असाच शाळेत जायचं. म्हणजे कात्री काय चीज असते ते कळेल."

बाकावरची माणसं पोट धरून हसली. मुलगा रडला नाही. त्याने मला दोन्ही हातांनी खालून घट्ट धरलं आणि नखं लाकडात रुतवली. पुढे दोन वर्षं, माझ्यावर बसला की त्याच जागा तो नखांनी उकरायचा. माझ्या खालच्या अंगाला आठ खड्डे पडले. वरून मला रोज पुसलं जायचं, खालून कुणी कधी हात फिरवला नाही.

मुलगा मोठा झाला आणि दूर गेला तो गेलाच. दुकान बंद पडलं, मी माळ्यावर गेले. मालक फोनवर एकच मागायचे. "नातवाचे पहिले केस मीच कापणार. तिकडे कुणाला हात लावू देऊ नका." या सुट्टीत अखेर मुलगा आला. सोबत बायको, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा, डोळ्यांवर केस आलेला. म्हणजे बापाचा शब्द त्याने पाळला होता. मला भरून आलं.

मालकांनी मला माळ्यावरून काढलं, पुसलं, तेल लावलं. वरूनच. दुपारी सगळी मंडळी जुन्या दुकानात जमली. नातू जरा बिचकला, तर त्याला हसवायला मालक म्हणाले, "तुझ्या बापाची मी एकदा अर्धीच हजामत केली होती. तीन दिवस तसाच शाळेत गेला, गाढव!"

नात खुदकन हसली. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तिला हे कधी कळलंच नव्हतं.

"बाबा, आधी तुम्ही बसा," मुलगा शांतपणे म्हणाला. "म्हणजे त्याची भीती जाईल."

मालक हरखले. मला मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. म्हातारपणीही त्यांचे पांढरे केस दाट होते आणि त्यांचा त्यांना भारी तोरा. मुलाने कपाळापासून मानेपर्यंत मशीन फिरवलं.

"अरे, बारीक कर म्हटलं, गोटा नको!" मालक अजून हसतच होते. अर्धं डोकं झालं आणि मशीन थांबलं.

"उरलेलं?"

"तीन दिवसांनी."

"अहो, पुरे झालं," सून म्हणाली. "वडील आहेत ते तुमचे."

"मी नऊ वर्षांचा होतो," तो म्हणाला.

मालकांनी मला घट्ट धरलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची बोटं त्या खड्ड्यांना लागली. त्यांनी मला उलटी केली. बराच वेळ बघत राहिले. एकेका खड्ड्यात बोट घालून पाहिलं, पण त्यांची बोटं मोठी, ती मावेनात. मशीन समोर होतं. उरलेलं डोकं त्यांना स्वतः करता आलं असतं, पण त्यांनी मशीनला हात लावला नाही.

आजोबांचं अर्धं डोकं पाहून नातू आधी हसला होता. त्याच्या डोळ्यांवरचे केस बाजूला करायला बापाने नेहमीसारखा हात पुढे केला. नातवाने दोन्ही हातांनी आपलं डोकं झाकलं आणि तो आईच्या मागे लपला. बापाचा हात तसाच राहिला.

मित्रांनो, ती मंडळी संध्याकाळीच परत गेली. नातवाचे केस अजून तसेच आहेत. कात्री दिसली की तो डोकं झाकतो, असं सून फोनवर सांगते. मालकांनी मला माळ्यावर टाकलेलं नाही. समोर उलटी ठेवतात आणि बघत बसतात. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी फळी असेल, तर तिला वरून तेल चोपडून समाधान मानू नका. खालून हात फिरवा, आणि तिच्यावर बसणारं मूल अजून लहान आहे तेव्हाच फिरवा.