काळीचा लिलाव

खोटं कशाला बोलू, त्या वर्षी मी देवाला फसवायला निघाले होते.

आमच्या बदलापूरच्या मंडळीत कापणीच्या सणाला जो तो घरचं पहिलं पीक आणतो. कुणी भात, कुणी काकडी. उपासना झाली की चर्चच्या अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसे देवाच्या कामाला जातात. मी दरवर्षी वेलावरचा सगळ्यात वाकडा दुधी नेत असे. अठ्ठ्याऐंशी साली मात्र आधीच्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "उरलंसुरलं देऊ नका. देताना दुखेल ते द्या." आणि म्हणताना बघत होते माझ्याकडे. माझं डोकंच फिरलं.

खरवईला घरी आल्याआल्या मी ह्यांना म्हटलं, "आता काळीच देते." काळी म्हणजे माझी कोंबडी, एक दिवस न चुकवता अंडं देणारी. आमची लेक पहिलटकरीण, महिन्याभरात बाळंतपणाला येणार होती. तिच्यासाठीच मी काळीला जपत होते.

"मग पोरीला काय घालशील?" हे म्हणाले.

"अहो, लिलावात मीच परत घेईन. देवाला पैसे, मला कोंबडी, आणि पाळकसाहेबांचं तोंड बंद."

"देवाशीपण धंदा करतेस?" म्हणाले, आणि सायकल काढून एमआयडीसीत ड्यूटीला गेले.

सणाच्या दिवशी मी काळीला टेबलावर ठेवलं तेव्हा सगळे बघतच राहिले. मी आपली मान ताठ करून उभी. मंडळीतल्या बुधाजीनं लिलाव पुकारला. मी म्हटलं, "वीस." पुढे कुणी बोलेना, माझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक. तेवढ्यात मागून आवाज आला, "पंचवीस."

बघते तर भिकीमावशी. बारवी धरणाकडच्या वाडीवरची एकटी म्हातारी, बाजारात पत्रावळी विकून पोट भरणारी. नाताळच्या नव्या लुगड्यासाठी ती वर्षभर पदराला पैसे बांधत होती, हे अख्ख्या मंडळीला माहीत.

"तीस," मी म्हटलं.

"पस्तीस."

"मावशी, कोंबडी कशाला गं तुला? खायला दात तरी आहेत का?"

सगळे हसले, तीही हसली आणि म्हणाली, "चाळीस."

मी पण इरेला पेटले. पन्नास म्हटलं. तिनं पदराची दुसरी गाठ सोडायला घेतली. ती काही लवकर सुटेना. "पंचावन्न," ती म्हणाली. आता पदर रिकामा होता. माझ्याकडे अजून वीस रुपये होते. पण तो रिकामा पदर बघून मला कसंतरीच झालं. म्हटलं, घेऊ दे म्हातारीला, एकटीला तेवढीच सोबत. लेकीचं बघू काहीतरी. मी तोंड मिटलं, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

एक वार, दोन वार, तीन वार झालं. मावशीनं काळीला उचललं, तडक माझ्यापाशी आली आणि माझ्या हातात दिली.

"धर. तुझी पोर येनार हाय ना? तिला अंडी नको? मी तुझ्यासाठीच घेत व्हते, तर तूच भाव चढवत बसलीस, अंजने."

अंगणभर हशा पिकला. मीही हसले, पण डोळ्यांना धार लागली होती. कोंबडी दिल्याचा तोरा माझा, आणि दिलं होतं खरं तिनं.

नाताळला मी उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराशी तासभर हुज्जत घालून स्वतःसाठी कुंकवाच्या रंगाचं लुगडं आणलं होतं. घडीही न मोडता ते मावशीकडे नेलं. ती घेईना. "घे, नाहीतर इथंच लिलाव मांडते," म्हटलं, तेव्हा घेतलं.

नाताळच्या उपासनेला मावशी पुढच्या रांगेत बसली आणि सारखी मागे वळून पदर दाखवत राहिली. मी मागे, जुन्याच लुगड्यात. काय तो रंग होता! जीव जळत होता माझा. मांडीवर नातवाला घेऊन बसलेली लेक कानात म्हणाली, "आई, हसतेस काय एकटीच?"

"गप," मी म्हटलं, "माझं दान चाललंय."